ग्राहकाच्या खरेदीवर्तनाचा अभ्यास : दृष्टिकोन, पद्धती आणि नगर जिल्ह्याचे क्षेत्र

ग्राहकाने एखादी वस्तू का घेतली, केव्हा घेतली, कोठून आणि कोणाच्या सल्ल्याने घेतली, वापरल्यानंतर तिच्याविषयी त्याचे मत काय झाले, या प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे शोधणे म्हणजे ग्राहकाच्या खरेदीवर्तनाचा अभ्यास होय. विपणनशास्त्राचा हा पाया समजला जातो. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि संख्याशास्त्र या सर्वांनी त्यात भर घातली आहे. त्यामुळे या अभ्यासात अनेक दृष्टिकोन निर्माण झाले. प्रस्तुत लेखात या दृष्टिकोनांचा उगम, वर्गीकरण व उपयोग यांचा परिचय अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या आधाराने करून दिला आहे.

अभ्यासाची व्याप्ती

खरेदी ही पैसे मोजण्याच्या क्षणापुरती घटना नसते. तिच्या आधी गरजेची जाणीव, चौकशी आणि पर्यायांची तुलना असते. नंतर वापर, समाधान किंवा पश्चात्ताप आणि पुन्हा त्याच दुकानात जाण्याचा अथवा न जाण्याचा निर्णय असतो. अभ्यासक या संपूर्ण साखळीला खरेदीवर्तन म्हणतात.

या साखळीतील भूमिका पाच मानल्या जातात : सूचक, प्रभावक, निर्णायक, खरेदीदार आणि वापरकर्ता. नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून एखाद्या कुटुंबाने संकरित गाय आणली, तर या पाचही भूमिका वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. दूध संकलन केंद्रावर जाणारा मुलगा गाय घेण्याचे सुचवतो, शेजारचा अनुभवी दूधउत्पादक मत देतो, घरातील कर्ता रक्कम ठरवतो, दात व कास पाहून पारख करणारा नातेवाईक प्रत्यक्ष सौदा करतो आणि रोज चारापाणी व धार काढण्याचे काम घरातील स्त्री करते. अशा वेळी केवळ सौदा करणाऱ्याला प्रश्न विचारून केलेला अभ्यास अपुरा राहतो.

निर्णयासाठी लागणाऱ्या विचारानुसार खरेदीचे तीन प्रकार होतात. मीठ, चहापत्ती, काडेपेटी ही सवयीची खरेदी. कपडे किंवा भांडी ही मर्यादित विचाराची खरेदी. ट्रॅक्टर, दुभते जनावर, घरबांधणीचे साहित्य किंवा लग्नाचे दागिने ही दीर्घ विचाराची खरेदी. वस्तू तीच असली तरी ती सर्वांसाठी एकाच प्रकारात मोडत नाही. पगारदार कुटुंबाला किरकोळ वाटणारा पंखा मजूर कुटुंबासाठी दीर्घ विचाराची खरेदी ठरू शकतो.

उगम आणि महाराष्ट्रातील परंपरा

कुटुंबाच्या खर्चाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ साधारणतः जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांच्या १८५७ सालच्या लेखनापासून मानतात. बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची छाननी करून त्यांनी एक नियम मांडला : उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा एकूण खर्चातील वाटा घटत जातो. भारतीय आकडेवारीतही हा नियम दिसतो. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९.४ टक्के होता; २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६.४ टक्के झाला.

महाराष्ट्रात या अभ्यासाला शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली आणि ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ साली प्रसिद्ध केली. जमीन, कर्ज, उत्पन्न आणि घरखर्च यांचा ताळेबंद त्यांनी कुटुंबागणिक मांडला. मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा फिंडले शिरस यांचा अहवाल १९२३ साली आला. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांनी व्ही. आर. गाडगीळ यांच्यासह केलेला पुण्यातील फळांच्या विपणनाचा अभ्यास १९३३ साली प्रकाशित झाला.

याच गाडगिळांचे नाव पुढे नगर जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. बाजारपेठेची पाहणी आणि उत्पादकांचे संघटन ही दोन्ही कामे एकाच अर्थशास्त्रज्ञाने केली, ही या परंपरेची अभिमानास्पद बाब आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि कौटुंबिक उपभोगखर्च हा तिचा नित्याचा विषय बनला. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून निवडक गावांतील कुटुंबांची दीर्घकालीन नोंद ठेवली. नगरच्या शेजारील सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण ही त्यांपैकी दोन गावे आहेत. एकाच कुटुंबाकडे वर्षानुवर्षे जाऊन केलेल्या अशा नोंदी जगभरातील अभ्यासकांना उपयोगी पडल्या आहेत.

नगर जिल्हा : अभ्यासक्षेत्राची वैशिष्ट्ये

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर असून तालुके १४ आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती आणि तिच्यापैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. २०२४ साली जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे.

या जिल्ह्यात एका ग्राहकवर्गाचे नव्हे, किमान तीन ग्राहकवर्गांचे दर्शन घडते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या आणि गोदावरीच्या कालव्यांवर वसलेल्या संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव या भागांत ऊस, फळबागा आणि सहकारी संस्था यांचा पैसा खेळतो. पाथर्डी, जामखेड, कर्जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत उत्पन्न पावसावर आणि मजुरीवर अवलंबून असते. पाथर्डी, शेवगाव परिसरातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती असून तेथील खरेदी भातशेती, जनावरे आणि राजूरसारख्या बाजारगावांभोवती फिरते. याशिवाय नगर शहराचा कापड बाजार आणि शिर्डीची यात्रेकरूंवर चालणारी बाजारपेठ यांचे स्वरूप स्वतंत्र आहे.

येथील खरेदीला उत्पन्नाचे वेळापत्रक बांधून ठेवते. दुधाचा पगार बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी होतो, कांद्याची पट्टी विक्रीबरोबर हाती येते, उसाचे बिल हंगामात आणि दिवाळीच्या हप्त्यात मिळते, तोडणी मजुराची उचल हंगामाआधी मिळते. त्यावर सणांचे आणि मुहूर्तांचे दुसरे वेळापत्रक असते : गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे पूर्ण मुहूर्त व बलिप्रतिपदा हा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त वाहन, सोने आणि घर यांच्या खरेदीला प्रशस्त मानले जातात, पितृपक्षात मोठी खरेदी टाळली जाते. ही दोन वेळापत्रके ध्यानात घेतल्याशिवाय येथील कोणत्याही पाहणीचा अर्थ नीट लागत नाही.

दृष्टिकोनांचे वर्गीकरण

फिलिप कोटलर यांनी १९६५ साली एका निबंधात खरेदीदाराकडे पाहण्याचे पाच दृष्टिकोन पाच विचारवंतांच्या नावांनी मांडले : मार्शल यांचा आर्थिक, पावलोव्ह यांचा अध्ययनविषयक, फ्रॉइड यांचा मनोविश्लेषणात्मक, व्हेब्लेन यांचा सामाजिक आणि हॉब्ज यांच्या नावाने ओळखलेला संस्थात्मक. पुढील काळात निर्णयप्रक्रिया, नवकल्पनांचा प्रसार, वर्तनात्मक अर्थशास्त्र आणि संस्कृती यांवर भर देणाऱ्या विचारांची त्यांत भर पडली. हे दृष्टिकोन समजून घेण्यासाठी नगरमध्येच तयार झालेल्या एका वस्तूचे उदाहरण उपयुक्त आहे. ती वस्तू म्हणजे लूना. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली ही ५० घनसेंटिमीटर इंजिनाची, पायडल असलेली छोटी दुचाकी बाजारात आणली. नगर-दौंड रस्त्यावरील कारखान्यातून ती देशभर गेली. विद्यार्थी, शिक्षक, दूधवाले, छोटे शेतकरी अशा नाना प्रकारच्या लोकांनी ती घेतली.

आर्थिक दृष्टिकोन

आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली मांडलेल्या विचारानुसार ग्राहक आपल्या मर्यादित उत्पन्नातून जास्तीत जास्त उपयोगिता मिळवू पाहतो. एका वस्तूवर खर्चलेल्या शेवटच्या रुपयापासून मिळणारे समाधान दुसऱ्या वस्तूवरील शेवटच्या रुपयाइतके होईल, अशा बेताने तो खर्च वाटतो. या दृष्टिकोनात किंमत, उत्पन्न आणि पर्यायी वस्तूंच्या किमती हे निर्णायक घटक असतात. लूना लोकांनी का घेतली, याचे उत्तर या दृष्टिकोनात सरळ आहे. परवानाराजच्या त्या काळात स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्कूटर महागही होती. सायकलपेक्षा वेगवान, स्कूटरपेक्षा स्वस्त आणि थोड्या इंधनात चालणारे वाहन हा अनेकांसाठी हिशेबाने पटणारा पर्याय होता.

हा दृष्टिकोन मोजमापास सोयीचा आहे. किंमत वाढल्यास मागणी किती घटेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मात्र समान उत्पन्नाची दोन शेजारी कुटुंबे भिन्न वस्तू का घेतात, याचे पूर्ण उत्तर त्यातून मिळत नाही.

अध्ययनविषयक दृष्टिकोन

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांतून उद्दीपक आणि प्रतिसाद यांच्या साहचर्याचा सिद्धान्त पुढे आला. अमेरिकी वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन विद्यापीठ सोडल्यानंतर जाहिरातक्षेत्रात गेले आणि हा विचार बाजारपेठेत पोहोचला. चिन्ह, रंग, आवाज किंवा घोषवाक्य पुनःपुन्हा अनुभवास आले आणि वापराचा अनुभव चांगला आला की खरेदी सवयीची होते, असे हा दृष्टिकोन सांगतो. पियूष पांडे यांनी लिहिलेले ‘चल मेरी लूना’ हे घोषवाक्य याचे ठळक उदाहरण आहे. वाहनाचे गुणवर्णन विसरले गेले, तरी हे तीन शब्द एका पिढीच्या स्मरणात राहिले.

चित्रचिन्हाची शक्तीही याच दृष्टिकोनातून कळते. संगमनेर येथे तयार होणारी ‘गाय छाप’ तंबाखूची पुडी अक्षरओळख नसलेला ग्राहकही गायीच्या चित्रावरून मागत आला. चित्रावरून वस्तू ओळखणे, नाव घेऊन मागणे आणि तीच पुन्हा घेणे, ही सवयीची पूर्ण साखळी येथे दिसते. तंबाखू आरोग्यास घातक आहे आणि सवयीच्या खरेदीचा अभ्यास व्यसनमुक्तीच्या कार्यासाठीही तितकाच आवश्यक आहे, याची नोंद येथे घेणे योग्य होईल.

अभिप्रेरणांचा दृष्टिकोन

सिग्मंड फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाचा आधार घेऊन अर्न्स्ट डिख्टर आदी संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास अभिप्रेरण-संशोधनाची शाखा विकसित केली. ग्राहक सांगतो ते कारण आणि खरे कारण यांत अंतर असते, कारण खरे कारण कधी त्यालाही ठाऊक नसते, कधी सांगण्याजोगे वाटत नाही, ही या शाखेची भूमिका आहे. मेसन हेअर यांचा १९५० सालचा प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. त्यांनी अमेरिकी गृहिणींना किराण्याची एक यादी देऊन ती करणाऱ्या स्त्रीचे वर्णन करावयास सांगितले. दोन गटांना दिलेल्या याद्यांत फरक एकाच वस्तूचा होता : एकीत तयार झटपट कॉफी, दुसरीत दळलेली नेहमीची कॉफी. झटपट कॉफी घेणाऱ्या स्त्रीला जवळजवळ निम्म्या गृहिणींनी आळशी ठरवले. प्रत्यक्ष विचारल्यावर मात्र स्त्रिया चवीचे कारण पुढे करीत.

आपल्याकडे तयार पीठ, तयार मसाला, पापड-शेवया विकत आणणे यांविषयीच्या मनोभूमिकेचा शोध याच तंत्राने घेता येतो. ‘तुम्ही विकतचा मसाला का घेत नाही?’ या थेट प्रश्नाला चवीचे उत्तर मिळेल. यादी दाखवून विचारल्यास सुगरणपणाविषयीच्या कल्पना उघड होण्याची शक्यता अधिक असते.

सामाजिक दृष्टिकोन

थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दाखवून दिले की, अनेक वस्तू उपयोगासाठी जितक्या घेतल्या जातात तितक्याच प्रतिष्ठेसाठीही घेतल्या जातात. भावकी, वस्ती, जात, व्यवसाय आणि मित्रमंडळ यांच्या अपेक्षा ग्राहकाच्या निर्णयात सामील असतात. पहिले दुचाकी वाहन दारात उभे राहणे ही लूनाच्या काळात घराची पत वाढवणारी घटना होती. आज बागायती पट्ट्यात लग्नसमारंभ, मोठी चारचाकी आणि टुमदार बंगला यांच्याकडे पाहिल्यास या दृष्टिकोनाची सत्यता पटते. लग्नखर्चापायी होणारे कर्ज हा त्याचा गंभीर सामाजिक परिणाम आहे.

संस्थात्मक दृष्टिकोन

खरेदी करणारी व्यक्ती संस्थेच्या वतीने निर्णय घेते, तेव्हा संस्थेचे हित आणि स्वतःचे हित या दोहोंचा विचार तिच्या मनात असतो. साखर कारखाना बारदान, चुना, गंधक आणि यंत्रांचे सुटे भाग विकत घेतो. दूध संघ, बाजार समित्या, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांचीही खरेदी मोठी असते. वेबस्टर व विंड यांनी १९७२ साली अशा खरेदीतील ‘क्रयगट’ ही संकल्पना मांडली : मागणी करणारा विभाग, तांत्रिक सल्लागार, निविदा तपासणारा अधिकारी आणि मंजुरी देणारे मंडळ मिळून एक निर्णय होतो. सहकाराने व्यापलेल्या नगर जिल्ह्यात या शाखेच्या अभ्यासाला विपुल साहित्य उपलब्ध आहे.

निर्णयप्रक्रियेची प्रतिमाने

१९६० च्या दशकात ग्राहकाला माहितीवर प्रक्रिया करणारा विचारी घटक मानून सर्वंकष प्रतिमाने रचण्यात आली. निकोसिया यांचे प्रतिमान १९६६ साली, एंगेल, कोलॅट व ब्लॅकवेल यांचे १९६८ साली आणि जॉन हॉवर्ड व भारतीय वंशाचे अभ्यासक जगदीश शेठ यांचे १९६९ साली प्रसिद्ध झाले. यांतील एंगेल हे आरंभी उल्लेखिलेल्या एंगेल यांच्याहून वेगळे आहेत. या प्रतिमानांत गरजेची जाणीव, माहितीचा शोध, पर्यायांचे मूल्यमापन, खरेदी आणि खरेदीपश्चात मूल्यमापन असे टप्पे येतात.

शेवटच्या टप्प्याला लिऑन फेस्टिंजर यांच्या १९५७ सालच्या बोधविसंवाद सिद्धान्ताने विशेष अर्थ दिला. दोन चांगल्या पर्यायांपैकी एक निवडल्यावर नाकारलेल्या पर्यायाचे गुण मनाला टोचत राहतात आणि माणूस आपल्या निवडीचे समर्थन शोधतो. बाजारातून बैल घेऊन परतलेला शेतकरी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाचे मत विचारतो, त्यामागे ही प्रक्रिया असते. विक्रीनंतरची सेवा आणि विचारपूस यांचे महत्त्व येथून स्पष्ट होते.

वर्तनात्मक अर्थशास्त्र

हर्बर्ट सायमन यांनी १९५५ साली मर्यादित विवेकशीलतेचा विचार मांडला : माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला पर्याय मिळताच थांबतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवले की, एखाद्या लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला अधिक वाटते. रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली ‘मानसिक लेखांकन’ ही संकल्पना पुढे आणली. त्यानुसार माणूस सर्व पैसा एकसारखा न मानता मनात वेगवेगळी खाती उघडतो. सायमन, काहनेमन आणि थेलर यांना अनुक्रमे १९७८, २००२ आणि २०१७ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानसिक लेखांकनाचे दर्शन नगर जिल्ह्यात घरोघरी घडते. अनेक कुटुंबांत दुधाच्या पगारातून किराणा, शाळेचा खर्च आणि औषधपाणी भागते. उसाचे बिल सोसायटीचे कर्ज, विहीर, घर किंवा लग्न यांसाठी राखले जाते. कांद्याला अनपेक्षित भाव आला तर त्यातून दुचाकी किंवा दागिना येतो. हानीविषयीची भीतीही तशीच दिसते. ओळखीचे बियाणे सोडून नवे घेताना शेतकरी सावध असतो, कारण फसलेला हंगाम परत मिळत नाही.

नवकल्पनांचा प्रसार

नवी वस्तू समाजात कशी पसरते, याचा मूलभूत अभ्यास शेतीतूनच झाला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात २५९ शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे केव्हा स्वीकारले याची पाहणी केली. ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. बियाण्याची पहिली माहिती बहुधा विक्रेत्याकडून मिळाली, पण विश्वास शेजाऱ्याच्या अनुभवावर बसला, असे त्यांना आढळले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली या विचाराला व्यापक रूप देऊन स्वीकारणाऱ्यांचे पाच वर्ग केले : नवप्रवर्तक २.५ टक्के, आरंभीचे स्वीकारक १३.५ टक्के, आरंभीचे बहुसंख्य ३४ टक्के, नंतरचे बहुसंख्य ३४ टक्के आणि मागे राहणारे १६ टक्के.

१९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरी येथे आहे. भगवा डाळिंब, फुले त्रिवेणी संकरित गाय यांसारख्या तेथील निर्मितीचा प्रसार समजून घेण्यास हा दृष्टिकोन उपयोगी आहे. मेळावे, शिवारफेऱ्या आणि प्रात्यक्षिके यांतून माहिती पोहोचते. स्वीकार मात्र गावातील एखाद्या विश्वासू शेतकऱ्याच्या बांधावरून सुरू होतो. प्रसाराची दिशा नेहमी संस्थेकडून गावाकडेच असते असेही नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी जतन केलेले देशी वाण गावाकडून बाहेर पोहोचले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

सांस्कृतिक दृष्टिकोन

१९८० च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वस्तूच्या अर्थाकडे वळले. होलब्रुक आणि हिर्शमन यांनी १९८२ साली उपभोगातील अनुभव व भावना यांचे स्थान अधोरेखित केले. रसेल बेल्क यांनी १९८८ साली मांडले की, जवळच्या वस्तू माणसाला स्वतःचाच विस्तार वाटतात. बेल्क व त्यांचे सहकारी त्याआधी बाजारांत आणि जत्रांत फिरून ग्राहकांचे प्रत्यक्ष जीवन पाहत होते. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत भरणारा गाढवांचा बाजार किंवा शिर्डीहून घरी नेला जाणारा प्रसाद यांचा अर्थ किंमत आणि उपयोग यांच्या परिभाषेत पुरता सांगता येत नाही. यात्रेतील खरेदीत श्रद्धा, भेटीगाठी आणि परंपरेचे पालन एकत्र आलेले असते.

अभ्यासाच्या पद्धती

दृष्टिकोन ठरला की पद्धत निवडावी लागते. पहिली पद्धत नमुना पाहणीची. नगरसारख्या विषम जिल्ह्यात सरसकट नमुना न घेता बागायती, जिरायती, आदिवासी आणि नागरी असे स्तर पाडून प्रत्येकातून कुटुंबे निवडणे आवश्यक ठरते. प्रश्नावलीत स्मरणाचा कालावधीही विचारपूर्वक ठरवावा लागतो. राष्ट्रीय उपभोगखर्च पाहणीत भाजीपाला, तेल यांसारख्या वस्तूंसाठी सात दिवसांचा, धान्य-कडधान्यांसाठी तीस दिवसांचा आणि कपडे व टिकाऊ वस्तूंसाठी वर्षाचा कालावधी धरतात.

दुसरी पद्धत वर्गीकरणाची. भारतीय बाजार-संशोधन संस्थांनी २०११ साली स्वीकारलेल्या पद्धतीत कुटुंबाचा वर्ग मुख्य मिळवत्याचे शिक्षण आणि ११ ठरावीक वस्तूंपैकी घरात किती आहेत यांवरून ठरतो. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत दूरचित्रवाणी संच, फ्रीज यांच्या जोडीला त्या यादीत शेतजमिनीचाही समावेश आहे. उत्पन्न सांगण्यास लोक संकोचतात. घरातील वस्तू सांगण्यास फारसे संकोचत नाहीत, हे त्यामागील तत्त्व आहे.

तिसरी पद्धत प्रत्यक्ष निरीक्षणाची. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची रीत आहे. तिचे बारकावे प्रश्नावलीत सापडणार नाहीत. काष्टी किंवा घोडेगावच्या बाजारात दिवसभर थांबून, लोकांच्या संमतीने पाहून आणि ऐकूनच ते कळतात. याशिवाय गटचर्चा, सखोल मुलाखत, प्रयोग आणि कुटुंबाने ठेवलेली खर्चाची वही ही साधने आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे आठवडे बाजारातील व्यवहारही आता अंकीय नोंदीत येऊ लागले आहेत. या नोंदी काय आणि किती हे सांगतात. का हे सांगत नाहीत.

मर्यादा आणि नीतिनियम

वर दिलेले बहुतेक सिद्धान्त अमेरिका व युरोपातील नागरी, पगारदार ग्राहकांच्या निरीक्षणातून आलेले आहेत. त्यांत निर्णय घेणारी व्यक्ती एकटी आणि तिचे उत्पन्न नियमित असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे निर्णय कुटुंबाचा असतो, उत्पन्न हंगामी असते आणि उधारीचे खाते दुकानाची निवड ठरवते. दिवाळीनंतर घेतलेली पाहणी आणि उन्हाळ्यात घेतलेली पाहणी यांचे निष्कर्ष त्यामुळे निराळे येऊ शकतात. पाहुण्याला बरे वाटेल असे उत्तर देण्याची वृत्ती, चारचौघांत खरे न बोलणे आणि परक्या परिभाषेतून भाषांतरित केलेले प्रश्न यांनीही माहिती दूषित होते. उत्तर देणाऱ्याची संमती घेणे, त्याची ओळख गुप्त राखणे आणि मिळालेली माहिती त्याच्याविरुद्ध न वापरणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

उपयोग

उत्पादक आणि दुकानदार यांना योग्य वस्तू, योग्य आकार, योग्य वेळ आणि योग्य किंमत ठरवण्यासाठी या अभ्यासाचा उपयोग होतो. बचतगटांनी तयार केलेल्या पापड-मसाल्यांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि सहकारी ग्राहक भांडारांना त्याची गरज मोठ्या उद्योगांपेक्षा अधिक आहे, कारण चुकीचा अंदाज सोसण्याची त्यांची शक्ती कमी असते. आहार, आरोग्य आणि कर्जबाजारीपणा यांविषयीची धोरणेही याच माहितीवर उभी राहतात.

ग्राहकाला स्वतःला होणारा उपयोग सर्वांत मोलाचा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून एकत्रित खरेदीची पद्धत रुजवली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला आणि त्याच्या जागी २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अंमलात आला. आपण कशाला भुलतो, कोठे घाई करतो आणि कोणाच्या दडपणाखाली खर्च करतो, हे ग्राहकाला कळले तर कायद्याने दिलेले हक्क तो अधिक डोळसपणे वापरू शकतो.

कोणताही एक दृष्टिकोन खरेदीचे संपूर्ण स्पष्टीकरण देऊ शकत नाही. लूना घेणाऱ्याच्या मनात हिशेब होता, घोषवाक्य होते, प्रतिष्ठा होती आणि शेजाऱ्याचा अनुभवही होता. म्हणून हे सर्व दृष्टिकोन परस्परपूरक मानावेत आणि त्यांना कुटुंबाच्या उत्पन्नाच्या वेळापत्रकाची जोड द्यावी, हाच नगर जिल्ह्यापुरता तरी योग्य मार्ग आहे. जिल्ह्यातील वाणिज्य व व्यवस्थापन महाविद्यालयांचे विद्यार्थी दरवर्षी या विषयावर प्रकल्प करतात. त्यांनी शहरातील ओळखीच्या लोकांकडून एकदाच प्रश्नावल्या भरून घेण्यावर समाधान मानू नये. एक आठवडे बाजार निवडावा, तेथील काही कुटुंबांना दिवाळी, शिमगा, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि पोळा अशा वर्षाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर भेटावे, त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारावेत आणि निष्कर्ष त्यांनाही वाचून दाखवावेत. अशा पाहण्या तालुक्या-तालुक्यातून साठत गेल्या, तर मान आणि गाडगीळ यांनी घालून दिलेली परंपरा पुढे जाईल आणि येथील ग्राहकाविषयीचे ज्ञान येथल्याच मातीतून उभे राहील.